खांदेरी-उंदेरी: तिथी बघून ठरवलेली सहल

खांदेरी आणि उंदेरी हे अलिबागजवळच्या थळ गावासमोरचे दोन पाणकिल्ले. तिकडे नेणाऱ्या थळच्या तांडेलांचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, नंबर मित्राच्या मित्राकडून मिळाला होता. "येत्या रविवारी खांदेरी-उंदेरीला न्याल का?" असं मी फोनवर विचारलं, तर पलीकडून उत्तराऐवजी प्रश्नच आला, "तिथी कंची?"

भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघून मी षष्ठी म्हणालो.

"मंग नाय जमायचं. उंदेरीला होडीच लागनार नाय. त्याच्या पुढला रविवार बगा."

पुढचा रविवार त्रयोदशीचा होता. तो त्यांना चालला. माणसं किती, कुठून येणार, जेवणाचं काय, यातलं काहीही न विचारता त्यांनी "सकाली सातला धक्क्यावर, आदार कार्ड घेऊन" एवढं सांगून फोन ठेवला.

हा तिथीचा हिशेब कोकणात जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणकी करायची, म्हणजे तिथीला पाऊणने गुणायचं. जो आकडा येईल त्या वेळेच्या आसपास पूर्ण भरती. षष्ठीला सहा पाऊणे साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारला आणि दुपारी साडेचारला भरती, आणि मधे साडेदहाच्या सुमारास पाणी पार उतरलेलं. त्रयोदशीला तेरा पाऊणे पावणेदहा. सकाळी पावणेदहाला पाणी भरलेलं हवं, कारण उंदेरीला धक्का नाही. बेटाभोवती खडकांचा कट्टा आहे. त्यावर पुरेसं पाणी चढलेलं असेल तरच होडी दरवाज्याजवळ जाते. मोबाइलवर भरती-ओहोटीची वेळ मिनिटासकट मिळते, मीही ती ताडून पाहिली. फरक फार तर थोड्या मिनिटांचा निघाला.

शिवाय सकाळ हवी ती वाऱ्यामुळे. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि पाणी शांत असतं. दुपार कलायला लागली की समुद्राकडून वारा सुटतो, लाटा उठतात आणि खडकाला होडी लावणं धोक्याचं होतं. म्हणजे सकाळ पाहिजे आणि सकाळीच भरती पाहिजे. पंधरवड्यात असे दिवस मोजकेच. त्यातला एखादा रविवारी आला तर नोकरदाराचं नशीब.

आता अलिबागला शनिवार-रविवारी जाऊन आलेल्याला वेगळं सांगायला नको. गेटवेहून मांडव्याला बोटी, भाऊच्या धक्क्याहून रो-रो, आणि वडखळच्या रस्त्याने गाड्यांची रांग. हे सगळे लोक कुलाबा किल्ल्यासमोरच्या वाळूत जमतात. ओहोटी असली की घोडागाडीत बसून किल्ल्यात जाऊन येतात, उंटाबरोबर फोटो काढतात. वाईट काही नाही त्यात, मीही पोरांना घेऊन गेलोय. पण तिथून उत्तरेला चार-पाच किलोमीटरवर थळ आहे आणि थळसमोर समुद्रात दोन किल्ले उभे आहेत. किनाऱ्यावरून स्वच्छ दिसतात. जवळचा, बुटका, तो उंदेरी. लांबचा, दोन टेकड्यांचा आणि दीपगृह असलेला, तो खांदेरी. ही बेटं कुणाला माहीत नाहीत असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. थळच्या कोळ्यांना ती रोज दिसतात, मुंबई बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक जहाजाला खांदेरीचा दिवा दिसतो. माहीत नसतात ती आपल्याला, कारण तिथे जायला तिकीटखिडकी नाही.

सातला निघायचं म्हणजे मुंबईहून पहिली बोट पकडूनही पोचता येत नाही, म्हणून आदल्या रात्री थळमध्येच एका घरी मुक्काम केला. आम्ही सहा जण होतो. होडीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या होडीचं असतं. त्यामुळे पाच-सहा जण जमवले की परवडतं. एकट्यादुकट्याने जायचं तर खिसा बऱ्यापैकी हलका होतो. लाइफ जॅकेट आम्ही अलिबागेतून भाड्याने नेली होती. मासेमारीच्या होडीत पाहुण्यांच्या मापाची जॅकेट असतीलच असं नाही, आणि ही काही प्रवासी बोट नव्हे, हे विसरू नये.

सकाळी किनाऱ्यावर सुकट पसरायचं काम सुरू झालं होतं. पाणी चढतीला लागलं होतं, तरी होडी थोडी आतच उभी होती. गुडघाभर पाण्यातून चालत गेलो. तांडेलांबरोबर एक खलाशी होता, विशीतला, कानात इअरफोन घातलेला. त्याने एकेकाला हाताला धरून वर ओढलं. डिझेलचा आणि माशांचा मिसळलेला वास, बसायला जाळ्यांचा ढीग. आमच्यातल्या एकीने बसण्याआधी रुमाल पसरला, तेव्हा खलाशी गालात हसला.

"आदी खांदेरी, मंग उंदेरी," तांडेल म्हणाले. "खांदेरीला धक्का हाय, तिथं कवाबी उतरता येतंय."

पाऊण तास लागला असेल. मागे थळच्या खत कारखान्याची धुराडी लहान होत गेली. उत्तरेला धुक्यात मुंबईच्या इमारतींचे माथे, आणि पश्चिमेला बंदरात शिरायची वाट बघत नांगर टाकून उभी असलेली मोठाली जहाजं.

खांदेरीला धक्क्यावर पाय ठेवला की अगदी जवळच वेताळाचं देऊळ. आत मूर्ती नाही, भली मोठी शिळा आहे. ती दरवर्षी वाढते अशी इथल्या कोळ्यांची श्रद्धा आहे. तांडेलांनी होडी बांधली, चपला काढल्या, नारळ फोडला आणि मगच आम्हाला म्हणाले, "जावा आता फिरून या." खलाशानेही कानातले इअरफोन काढले होते.

बेटाला चारी बाजूंनी तट आहे, मधेमधे बुरूज. तटावरून फिरायला सोपं जातं, काही ठिकाणी दगड निखळलेत तिथे जपून. आम्ही डावीकडून सुरुवात केली. लोखंडी गाड्यावर बसवलेल्या तोफा इथे अजून आहेत, चाकांसकट. तोफा पुष्कळ किल्ल्यांवर दिसतात, पण बहुतेक गवतात लोळत पडलेल्या असतात किंवा कुणीतरी सिमेंटच्या चौथऱ्यावर चढवून ठेवलेल्या. चाकं असलेला गाडा जागेवर बघितला की ती कशी वळवत असतील, मागे किती माणसं लागत असतील, हे डोळ्यांपुढे येतं. गाड्याच्या लोखंडाला खाऱ्या वाऱ्याने पापुद्रे धरलेत. बोट लावलं की तांबडी भुकटी हाताला येते. लावू नये खरं तर.

मग तो वाजणारा दगड. साधा काळसर खडक वाटतो. त्यावर हातातल्या लहान दगडाने ठोकलं की पितळी घागरीवर टिचकी मारावी तसा आवाज येतो. शेजारच्या खडकावर ठोकलं तर नुसतं ठक्क. आमच्यातला भूगर्भशास्त्र शिकलेला मित्र गुडघ्यावर बसून बराच वेळ वेगवेगळ्या जागी ठोकत होता. खडकावर ठोकून ठोकून आधीच्या लोकांनी पाडलेले पांढरे डाग आहेत, त्यामुळे कुठे मारायचं हे शोधावं लागत नाही.

तटाच्या बाहेर, पाण्याच्या रेषेवर, मोठमोठे सुटे दगड पडलेले आहेत. लाट तटावर थेट आदळत नाही, त्या दगडांत फुटते. दगडांवर कालवं, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपले, धरलीत, आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या. म्हणजे भिंत चढायच्या गोष्टी दूरच, शत्रूला अनवाणी भिंतीपर्यंत यायचीही पंचाईत.

ही भिंत बांधायला किती सायास पडले ते तिथे उभं राहिल्यावर नीट समजतं. १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना माणसं आणि सामान देऊन इथे पाठवलं. मुंबईच्या इंग्रजांना हे परवडणारं नव्हतं, कारण खांदेरी मराठ्यांकडे गेली की बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक जहाज त्यांच्या नजरेखाली. त्यांनी आपली जहाजं आणून बेटाला वेढा घातला. पण मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यातून जाणाऱ्या. रात्री, वारा पडलेला असताना, त्या वल्ह्यांवर किनाऱ्याहून बेटावर सामान पोचवायच्या, आणि मोठ्या शिडाच्या जहाजांना वाऱ्याशिवाय हलता येत नसे. ऑक्टोबरात मराठ्यांच्या दौलतखानाच्या आरमाराबरोबर इंग्रजांची मोठी चकमक झाली. तीत इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गलबत मराठ्यांच्या हाती लागलं. बांधकाम चालूच राहिलं, आणि शेवटी इंग्रजांनी नाद सोडला. सकाळी येताना आम्ही जे पाणी कापून आलो, तेच हे पाणी. तांडेल भरतीची वेळ आणि वारा बघून निघतात, त्या वेळच्या नाखव्यांनीही तेच पाहिलं असणार. पुस्तकात तारखा असतात, पण त्या दिवशीची तिथी काय होती हे कुणी सांगत नाही. घरी आल्यावर मी ती शोधायचा प्रयत्न केला. जुनं-नवं कॅलेंडर जुळवताना डोकं फिरलं आणि सोडून दिलं.

दीपगृह १८६७ सालचं आहे, अष्टकोनी मनोरा. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने पायथ्याशी उभं राहू दिलं, पाणी दिलं, आणि कुठून आलात वगैरे चौकशी केली. बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद त्याला आमच्यापेक्षा जास्त झाला असावा. खांदेरीचं सरकारी नाव १९९८ पासून 'कान्होजी आंग्रे द्वीप' आहे. १७१८ साली मुंबईच्या गव्हर्नर बूनने खांदेरीवर चाल केली, तेव्हा मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख असलेल्या या आंग्र्यांनी त्याला परतवून लावलं होतं. नाव शोभतं. पण थळमध्ये कुणीही या नावाने विचारत नाही.

नऊ वाजले तशी धक्क्यावरून शिट्टी ऐकू आली. खलाशी दोन बोटं तोंडात घालून वाजवत होता. मी अजून दुसऱ्या टेकडीकडचा तट बघितला नव्हता. "तो ऱ्हावूदे," तांडेल म्हणाले. "खांदेरी कवाबी बगाल. उंदेरी आताच."

उंदेरीपाशी पोचलो तेव्हा पाणी जवळजवळ पुरतं भरलं होतं. लांबून बेट निवांत दिसत होतं, जवळ गेल्यावर कळलं की होडी एका जागी राहतच नाही. फूटभर वर जाते, फूटभर खाली येते, आणि पुढे काळा खडक, त्यावर कालवं, वर हिरवं शेवाळ. तांडेलांनी इंजिन मंद ठेवलं. खलाशी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभा राहिला, हातात लांब बांबू. त्या बांबूने तो होडी खडकापासून हातभर अंतरावर धरून होता. उतरायची रीत त्याने दोनदा सांगितली: होडी वर उचलली गेली की पाय टाकायचा, खाली जायला लागली की हलायचं नाही. हात खडकाला लावायचा नाही. बूट काढायचे नाहीत. मोबाइल खिशात, पिशवी होडीतच.

पहिला मित्र सहज उतरला. दुसऱ्याची बारी आली तेव्हा होडी वर उचलल्यावर तो विचार करत बसला आणि खाली जाताना पाय उचलायला लागला. खलाशाने त्याची कॉलर धरून मागे खेचला आणि एक अस्सल कोळी शिवी दिली, जी इथे लिहिता येणार नाही. पुढच्या लाटेला तो उतरला. रुमालवाली मैत्रीण सगळ्यांत नीट उतरली. आमच्यातल्या एकाने गुडघ्याचं दुखणं सांगून होडीतच राहायचं ठरवलं, आणि तांडेलांनी त्याला जराही आग्रह केला नाही. हे मला आवडलं. ज्याला पोहता येत नाही, ज्याचे गुडघे धड नाहीत, त्याने उंदेरी होडीतूनच बघावी. होडीने बेटाला फेरी मारली तरी तट आणि बुरूज छान दिसतात.

खडकांवरून उड्या मारत दरवाज्यापर्यंत गेलो. आत शिरलो आणि पहिल्यांदा जाणवलं ते झुडपांचं रान. खांदेरीला पायवाटा आहेत, राबता आहे. इथे वाट म्हणजे आधी कुणीतरी काटे मोडून गेलंय एवढाच पुरावा. फुल पँट नसेल तर पोटऱ्या सोलवटून निघतात. पाण्याची बांधीव टाकी आहेत, वाड्यांचे चौथरे आहेत, आणि तोफा. जिथे तिथे तोफा. बुरजावर, झुडपांत, एक तर निम्मी मातीत गाडलेली. गाडे नाहीत, नुसत्या नळ्या. एका बुरजावर पालथं पडून तोफेच्या रेषेत नजर लावली, तर समोर खांदेरी.

तिथे ही दोन बेटं शेजारी-शेजारी का भांडली ते लख्ख कळतं. खांदेरी मराठ्यांना मिळाली म्हटल्यावर १६८० च्या जानेवारीत जंजिऱ्याच्या सिद्दी कासमने उंदेरी ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली. एका बेटाचा गोळा दुसऱ्यापर्यंत जाईल एवढंच अंतर. पुढची ऐंशी वर्षं उंदेरी सिद्दीकडेच राहिली. पेशव्यांच्या काळात, १७६० मध्ये, ती मराठ्यांकडे आली. म्हणजे किनाऱ्यावरच्या थळकरांच्या कित्येक पिढ्यांनी समोरच्या एका किल्ल्यावर आपलं निशाण आणि दुसऱ्यावर शत्रूचं, असं बघत दिवस काढले. मासेमारीला जाताना दोघांच्या मधून जावं लागत असणार.

अर्धा-पाऊण तास मिळाला. पाणी उलटायच्या आत निघायलाच हवं होतं. परत चढताना उतरण्यापेक्षा सोपं जातं, कारण वरून ओढायला माणूस असतो. पाच मिनिटांत सगळे होडीत. साडेदहाला आम्ही उंदेरीकडे वळून बघितलं, तर आम्ही जिथे उतरलो होतो तिथला खडक ओला आणि उघडा व्हायला लागला होता.

परतीच्या वाटेवर इथे येणाऱ्या पाहुण्यांचा विषय निघाला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत खांदेरी आहे. उंदेरी नाही. मला मनातून वाटत होतं की आता इथेही स्टॉल येणार, सेल्फी पॉइंट येणार, प्लास्टिकच्या बाटल्या येणार. तसं मी बोललो. तांडेलांना माझं म्हणणं अजिबात पटलं नाही.

"तुमी वर्साला एकदा येनार," ते म्हणाले. "आमी हितंच ऱ्हातो. मासली कमी झाली. पोरगा मुंबैला नोकरी बगतोय. लोक आले तर होडी चालंल." मग थोडं थांबून, "कचऱ्याचं बोलताय ते खरं हाय. कचरा घेऊन गेले पायजेत."

त्यांचं बरोबर आहे. गर्दी नको हा आपला शहरी शौक आहे, आठवडाभर गर्दीत पिचल्यावर सुचणारा. पण मधला मार्ग असू शकतो. होड्या थळच्याच, परवाने थळच्याच कोळ्यांना, दिवसाला माणसं मोजून, आणि पावसाळ्यात पूर्ण बंद. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असतेच, त्यानंतरही समुद्र निवळायला वेळ लागतो. तांडेल म्हणतात दिवाळीनंतर यावं, आणि शिमगा झाला की वारा वाढतो, मग उंदेरीचं नाव काढू नये.

मुरूडचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. राजपुरीला जंजिऱ्यासाठी सुट्टीच्या दिवशी रांग लागते, शिडाच्या होड्या खचाखच. आणि त्याच मुरूडच्या समोर पाण्यात पद्मदुर्ग, ज्याला कोळी कासा म्हणतात, तो जवळपास मोकळा. जंजिऱ्याला वेसण घालायला शिवाजी महाराजांनी बांधलेला. जंजिऱ्यासारखा देखणा नाही, पण तिथली एक भिंत मी तासभर बघत बसलो होतो. खाऱ्या वाऱ्याने दगड खाल्लाय, वीतभर आत गेलाय, आणि दोन दगडांमधला चुना तसाच्या तसा पुढे उभा आहे. बोटाने दाबून पाहिला, नखाचा ओरखडाही उठला नाही. दगडापेक्षा सांधा टिकला. तो चुना मळणाऱ्या माणसांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

थळला उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पैसे दिले, तांडेलांनी मोजले नाहीत. त्यांच्या घरून बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी आली, त्याचे पैसे वेगळे दिले, ते मात्र त्यांच्या घरच्यांनी मोजून घेतले. निघताना मी विचारलं की खांदेरीची दुसरी टेकडी राहिली, पुन्हा कधी येऊ. त्यांनी चैत्राचं नाव घेऊन मान हलवली, नको म्हणाले. मग मार्गशीर्षातला शुद्ध पक्ष सुचवला, आणि येताना माणशी दोन लिटर पाणी आणा म्हणून बजावलं, कारण आमच्यातल्या दोघांनी खलाशाची बाटली संपवली होती.